खोली तिला मिळाली

तमिळनाडूतल्या कॉफीवेड्या कुंभकोणात राहून चहा पिणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि माझं नशीब असं की मला पायलट व्हायला शिकवू शकणाराही गावात तोच एक होता.

आम्ही सगळे त्यांना 'सार' म्हणायचो. तमिळ तोंडात 'सर'चं सार होतं, आमच्याही तोंडात तेच बसलेलं. त्यांचं सगळं आयुष्य निरनिराळ्या विमानतळांवर हवामान खात्यात गेलं. पुढे मोठ्या शहरांतल्या ग्राउंड स्कुलांमध्ये त्यांनी शिकवलं आणि म्हातारपणी ते बायकोला घेऊन गावी परतले. ग्राउंड स्कूल म्हणजे विमानाला हात लावायच्या आधी जमिनीवर बसून करायचा अभ्यास. नकाशावर दिशा काढणं, हवामान, कायदे, इंजिनं. या सगळ्याच्या सरकारी परीक्षा असतात, आणि त्या पास झाल्याशिवाय लायसन्स कोणी देत नाही.

सारही आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीतरी मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर मला कळलं की आम्ही बोलतो ते मराठी इथल्या लोकांना पोथीतलं वाटतं. आता मी इथल्यासारखं बोलते. सार मात्र पुण्यात इतकी वर्षं शिकवूनही 'जालें' आणि 'सांगिटलें'च म्हणत राहिले.

जन्म हवामानात घालवलेला हा माणूस पाऊस येईल की नाही ते कधी सांगत नसे. मामी, म्हणजे त्यांची बायको, तांदळाचे पापडासारखे वडाम वाळत घालायला गच्चीवर जायच्या आणि खाली हाक मारायच्या, "अवो, पाऊस येईल काय?"

"अत्ता ऊन आहे," सार खालून म्हणायचे.

"अत्ताचें मला दिसतें. दुपारचें विचारतें!"

"दुपार जाली कीं विचार."

मामींचे वडाम वर्षातून चार वेळा तरी भिजायचे. मग त्या सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सरकारनं या माणसाला इतकी वर्षं पगार कशाचा दिला, ते विचारायच्या. सार शांतपणे चहा प्यायचे.

दुसरं वेड खोल्यांचं. आमच्या भागातल्या कुणाच्या मुलाला पायलट व्हायचं असलं की आईबाप साखर-केळी घेऊन सारांकडे यायचे आणि विचारायचे, कुठलं ग्राउंड स्कूल चांगलं? सारांचं उत्तर ठरलेलं. "शाळा मग बघूं. पोर निजणार कोठें, तें आधीं सांगा." आईबाप गोंधळायचे. त्यांनी शाळेची रंगीत पत्रकं आणलेली असायची, खोलीचा विचार कोण करतो? सार पत्रकाला हात लावायचे नाहीत. स्वतः बसनं त्या शहरात जायचे, खोली बघून यायचे आणि मगच शाळेबद्दल बोलायचे. पुष्कळदा खोली नापास झाली म्हणून शाळा नापास व्हायची. लोक मागं हसायचे, पण विचारायला पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

माझ्या वेळी अप्पांनी चेन्नईचं एक ग्राउंड स्कूल ठरवत आणलं होतं. काचेचं ऑफिस, पहिल्या दिवसापासून खांद्यावर पट्ट्यांचा पांढरा युनिफॉर्म, शेजारी मुलींचं हॉस्टेल. माझा तो युनिफॉर्म मनात घालूनसुद्धा झाला होता. सार आमच्याबरोबर आले. तिथल्या मॅनेजरनं मोठ्या थाटात सांगितलं, आमच्याकडे शिकवायला कॅप्टन आहेत. सार तमिळमध्ये म्हणाले, कॅप्टन उडवतो हे मला माहीत आहे, शिकवतो का ते सांगा. मग ते एका वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, मास्तर चांगला आहे. माझा जीव भांड्यात पडला.

मग हॉस्टेल. रिकाम्या खोलीत सार पलंगावर बसले आणि डोळे मिटून गप्प झाले. मॅनेजरला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली, तो पाणी आणायला धावला. सार नुसते ऐकत होते. मग उठून त्यांनी नळ सोडला, खिडकी उघडझाप करून बघितली, दाराला आतून कडी आहे ना ते बघितलं. व्हरांड्यात एक मुलगी कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं, "काल संध्याकाळी कोणता धडा केलास?"

"काल?" ती आठवायला लागली. "काल टँकर आला नाही सार. आम्ही सगळ्या बादल्या घेऊन खालीच होतो."

परतीच्या बसमध्ये सार म्हणाले, "शाळा बरी. मास्तर हुशार. पण पोर पाण्याच्या रांगेंत राहील आणि नापास म्हणतील मास्तराला. नको."

"मग हिला घालूं कोठें?" अप्पा रडकुंडीला आले होते.

"माझ्याकडे येऊं दे."

'माझ्याकडे' हा शब्द मी पुढचे कित्येक दिवस मनात घोळवत होते. सार आपल्या घराच्या हॉलमध्ये मोजक्या मुलांना शिकवायचे हे गावाला माहीत होतं. पण खरी गोष्ट हॉलमध्ये नव्हती, माडीवर होती. माडीवर एक खोली होती आणि तिथं दरवेळी एकच विद्यार्थी राहायचा. हॉलमधली मुलं ठरलेल्या वेळी यायची आणि जायची. माडीवरच्याला सार उठता-बसता शिकवायचे. पानावर ताक वाढलं की ते कुठल्या बाजूला वाहतं आणि का, त्यावरून वारा समजवायचे. भाजी आणायला जाताना वाटेत थांबवून विचारायचे, उत्तर दिशा कुठं? माडीवरचे आजवरचे सगळे कुठं ना कुठं विमान उडवत होते. मला पायलट व्हायचं होतं आणि माझी पक्की खात्री होती की ते त्या खोलीतूनच होता येतं.

त्याच सुमारास साताऱ्याची आली.

तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, साताऱ्याची एवढंच पुरे. सारांच्या पुण्यातल्या कुठल्याशा विद्यार्थ्याची भाची. शिडशिडीत, मोठ्यानं हसणारी, आल्या आल्या मामींना "काकू, भांडी मी घासते" म्हणणारी. बॅग तिनं सरळ माडीच्या जिन्याखाली ठेवली.

मी सारांना स्पष्ट विचारलं, "सार, खोली मला देणार ना?"

सार म्हणाले, "दोघी एक रात्र निजा वरती. सकाळीं सांगतों."

ही त्यांची परीक्षा होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. दोन चटया टाकून आम्ही झोपलो. उजाडल्यावर खाली आलो. मामींनी आम्हाला कॉफी दिली, सार आपला चहा घेऊन पायरीवर बसले होते.

"सकाळपासून काय काय ऐकलें, तें सांगा."

मला मनातून हसू आलं. हे माझं गाव, माझी पेठ. मी घडाघडा सांगितलं. आधी पूर्वेकडून देवळातली घंटा आणि नगारा, मग दक्षिणेकडून तांब्या-पितळेच्या कारखान्यातली ठोकाठोक, मग मोठ्या रस्त्यावरून पहिली बस. दिशांसकट. सारांनी मान हलवली आणि साताऱ्याचीकडे बघितलं.

ती म्हणाली, "पंखा बंद पडला तेव्हा जाग आली. मग कोणीतरी खोकत होतं, तुम्हीच बहुतेक. काकूंनी पाट्यावर काहीतरी वाटलं. मग ठोकाठोक सुरू झाली. बस गेली. बाकी नाही ऐकलं काही." आणि वर विचारते, "इथं जवळपास देऊळ आहे का?"

कुंभकोणात येऊन! जिथं दगड भिरकावला तर देवळावरच पडेल, तिथं ही बाई विचारते, देऊळ आहे का. मी खुदकन हसलेच.

सार हसले नाहीत. मला म्हणाले, "करंट पहांटेपासून नव्हता. पंखा बंद जाला, तुलाही कळलें असेल. घंटा कोण वाजवली?"

आमच्या देवळातली घंटा आणि नगारा विजेच्या मशीनवर वाजतो. भटजी बटण दाबतात. त्या दिवशी वीज नव्हती, घंटा वाजलीच नव्हती. मी जन्मापासून रोज ऐकत आले होते म्हणून त्या दिवशीही ऐकली. खोटं बोलले असते तरी एक वेळ बरं. मला ती खरोखर ऐकू आली होती.

"रोज असतो तो ढग लिहायचा नाहीं," सार चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले. "आज आहे तोच लिहायचा. रोजचा ढग लिहिला तर वरती माणसें मरतात. खोली तिला."

"सार, माझी एकच चूक..."

"चुकेसाठीं नव्हे गे. तुला घर आहे."

घर आहे! हा काय गुन्हा झाला? घरी येऊन मी अम्मावर राग काढला. मग तिरीमिरीत जवळच्या तिरुनागेश्वरमला यात्रेकरूंच्या लॉजमध्ये एक खोली बघून आले, म्हटलं मीही आता बाहेरची. सार ती खोलीसुद्धा बघायला आले. पलंगावर बसून डोळे मिटले. खालून राहूच्या पूजेला आलेल्या लोकांचा गलका चालू होता. ते म्हणाले, "खोली काहीं वाईट नाहीं. पण तूं येथें निजणार नाहींस. अम्माचें जेवण सोडून कोण राहतें?" मी तिथं एक रात्र राहिले आणि सकाळी इडली खायला घरी आले ती परत गेले नाही. माणूस असा अचूक असला की त्याचा फारच राग येतो.

मग मेडिकलसाठी अप्पा मला बंगळूरला घेऊन गेले. डोळे, कान, हृदय सगळं पास करून मी आनंदात घरी आले आणि देवघरात बघते तर विठोबा नाही.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी संध्याकाळी विठ्ठलाचं भजन असायचं. पितळेचे विठोबा-रखुमाई, टाळ, मृदंग, हार्मोनियम, पंधरा-वीस माणसं, नंतर हरभऱ्याचं सुंडल आणि कॉफी. रात्री उशिरापर्यंत घर दणाणायचं. ते सगळं उचलून सारांच्या घरी गेलं होतं.

"त्यांचा हॉल मोठा आहे गे," अम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली.

हॉल मोठा तेव्हाच झाला का? सारांना टाळांचा आवाज सहन होत नसे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे भजन सुरू झालं की ते घरातून निघून कावेरीच्या घाटावर जाऊन बसायचे. ज्या खोलीशेजारी भजन मंडळ असेल ती खोली ते सरळ नापास करायचे, "टाळ वाजला कीं माझें नेव्हिगेशन पळतें" म्हणून. त्या माणसानं भजन आपणहून घरात घेतलं? मला कारण स्वच्छ दिसत होतं. साताऱ्याचीचा आवाज गोड होता. काम करताना ती अभंग गुणगुणायची आणि मामी कौतुकानं बघत राहायच्या. तिच्यासाठी आमचा देव नेला. माझ्या घरचा विठोबासुद्धा त्या घरात बिऱ्हाड करून राहिला, फक्त मी तेवढी बाहेर.

बरं, मी भजनाला जाईन म्हटलं तर तेही नाही. "शनिवारीं तूं येऊं नको," सारांनी मला सांगितलं. "नेव्हिगेशनचे पेपर सोडवून सोमवारीं दाखव." बाकी सगळ्या गावाला परवानगी, मनाई मला एकटीला!

आमचं घर त्या वर्षी सुनं सुनं झालं. अप्पांची ओट्यावरची मित्रमंडळी भजनामागोमाग सारांच्या ओट्यावर गेली. अम्मा पहाटे मिक्सर लावायची ती आता मी क्लासला गेल्यावर लावायला लागली. मी विचारलं तर म्हणे, वीज महाग झाली आहे. माझं टेबल पुढच्या खोलीतून मागच्या खिडकीशी गेलं, म्हणे पुढे ओल येते. मला वाटायचं, घरातला सगळा जीवच त्या माडीकडे गेला आणि मला उरल्यासुरल्या भिंती मिळाल्या. शनिवारी संध्याकाळी करायला काहीच नसे. दुरून टाळांचा आवाज यायचा. मी दात-ओठ खात पेपर सोडवत बसायचे, एक झाला की दुसरा. शनिवारी सकाळी बाजारात सार कापूस विकत घेताना दिसायचे. मनात म्हणायचे, बघा, आता आमच्या देवासाठी वातीसुद्धा स्वतः आणतात. आमच्याकडे एवढी वर्षं देव होता तेव्हा कधी नमस्काराला आले नाहीत.

साताऱ्याचीबद्दल माझ्या तक्रारींना अंत नव्हता. ती आमच्यासारखं 'जालें' म्हणायला लागली, तेही अगदी आमच्या हेलात. मामी तिला स्वतःच्या हातानं वेणी घालायच्या. क्लासमध्ये सार मला चुकीबद्दल सगळ्यांसमोर झापायचे आणि तिला नुसते "पुन्हा बघ" म्हणायचे. एकदा तर तिचं डोकं दुखत होतं म्हणून क्लासची वेळ बदलली. माझं दुखायचं तेव्हा मला आल्याचा रस मिळायचा.

परीक्षा झाल्या. मी सगळे पेपर एका दमात पास झाले, नेव्हिगेशनला तर सारांनीही भुवया उंचावल्या. साताऱ्याचीचं नेव्हिगेशन राहिलं, तिला पुन्हा बसावं लागलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अम्माला गव्हाचा हलवा करायला लावला, आणि तो माझ्या पास होण्यापेक्षा तिच्या राहण्याचा जास्त होता. पायलट त्या खोलीतूनच होतो, हे माझं म्हणणं मीच खोटं ठरवलं होतं. तरी खोली डोक्यातून गेली नाही.

पुढं दोघीही उडायला लागलो, वेगवेगळ्या कंपन्यांत. मध्यंतरी ती माझ्याआधी कॅप्टन झाली. झाली म्हणजे होऊ दे. मी दर सुट्टीत सारांना भेटायला जायचे. ते पायरीवर चहा घेत बसलेले असायचे आणि एकच विचारायचे, "निजतेस कोठें?" पुण्यातल्या माझ्या फ्लॅटबद्दल सगळं ऐकून घ्यायचे. शेजारी कोण, नळाला पाणी किती वेळ, खिडकी कुठल्या बाजूला. शाबासकी कधी दिली नाही.

गेल्या वर्षी सार गेले. मी पोचले तेव्हा साताऱ्याची माझ्याआधीच येऊन मामींशेजारी बसली होती. साहजिकच. दिवसकार्य झाल्यावर मामी म्हणाल्या, "आतां तुमचा विठोबा घरीं न्या. त्यांचें वचन होतें, परत द्यायचा म्हणून." मला वाटलं, हा मान तरी माझाच. मी विठोबा-रखुमाई टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले आणि रिक्षात बसले. टाळांची पिशवी घेऊन साताऱ्याची शेजारी येऊन बसली. कोणी बोलावलं नव्हतं.

रिक्षा बाजारातून चालली होती. ती पिशवी हलली की टाळ किणकिणत होते. ती म्हणाली, "या टाळांनी माझं नेव्हिगेशन बुडवलं, माहितीय ना तुला?"

"मला काय माहीत?"

"अगं, शनिवारी माझ्या खोलीत पुस्तक उघडायची सोय नव्हती. खाली मृदंग, वर मी. सार बिचारे सकाळीच कापूस आणून ठेवायचे. एक बोळा त्यांच्या कानात, एक माझ्या. काही उपयोग व्हायचा नाही."

"मग आणलं कशाला भजन घरात?"

"तुला खरंच माहीत नाही?" तिला हसू आवरेना. "तुम्ही मेडिकलला गेलात ना, तेव्हा सार तुमच्या घरी जाऊन आले. पलंगावर बसले, नळ सोडला, मिक्सर कधी लावता ते विचारलं. खोली बघतात तसं तुझं घर बघितलं. भजन, मित्रमंडळी, मिक्सर, टेबल, सगळं त्यांनी तुझ्या अम्माला सांगून हलवलं. तिला सांगायची मनाई केली. म्हणाले, पोरीला कळलें तर उगाच भार होईल."

रिक्षा सिग्नलला थांबली. मला एकाएकी विठोबा जड वाटायला लागला.

"मी एकदा रडले त्यांच्यापाशी," ती पुढं म्हणाली. "म्हटलं, सार, हे भजन बंद करा, मी नापास होईन. तर म्हणाले, 'खोली तुला मिळाली कीं नाहीं? मग निवांतपण तिला मिळूं दे. दोन्ही एकीलाच कसें?' आणि झाले मी नापास. पुन्हा बसवलं, पुन्हा शिकवलं. भजन मात्र हललं नाही."

"तुला कधी सांगितलं त्यांनी हे?"

"कधी काय? दर शनिवारी. कापूस कानात घालताना."

मी विठोबाला दोन्ही हातांनी धरून बसले. ज्या माणसाला टाळ सोसत नव्हता, त्यानं माझ्यासाठी वर्षभर कानात कापूस घातला, हे ऐकून डोळ्यांत पाणी यायला हवं, आणि आलंही. पण त्याच्या आधी मनात काय आलं, ते खरं सांगते. हेसुद्धा त्यांनी तिलाच सांगितलं.